खिंडीत बंद पडणारी गाडी

"हात लावायचा न्हाई. लांब हुबं ऱ्हाऊन सांगायचं, काय सांगायचंय ते."

माझ्या दिरानं, सर्जेरावानं, पिकअपच्या बॉनेटवर थाप मारली, तसा माझा भाऊ मच्छिंद्र दोन पावलं मागं सरला. त्यानं हात पाठीमागं बांधले. मिस्त्री माणूस तो. समोर गाडी असताना हात बांधून उभं राहणं त्याला कसं जात असेल, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला काहीच कळत नव्हतं. नवरा गेल्यापासून तोंडाला चव नव्हती, अंगाला ऊन लागत नव्हतं. कुणी हंबरडा फोडला तर वाटायचं, शेजारच्या घरात काहीतरी झालंय.

"मी लावते हात," मी म्हणाले.

दुखवट्याला आलेल्या बायका ओसरीवर दाटीनं बसल्या होत्या. त्यांतली एक पदराआडून म्हणाली, "आगं बया, बाराव्याच्या दिवशी?"

"मग कवा? वर्षश्राद्धाला?" मी विचारलं आणि मच्छिंद्रच्या पिशवीतला पाना उचलला.

माणूस मेला की घरात दोन गोष्टी लगेच लागतात. गोमूत्र आणि गुन्हेगार. गोमूत्र पहिल्याच दिवशी आलं. गुन्हेगार शोधायला जरा वेळ लागला.

माझा नवरा जालिंदर कोंबड्यांची गाडी चालवायचा. शेडवरनं ब्रॉयलर भरायचे, तालुक्याच्या चिकनच्या दुकानांना पोचवायचे. वाटेत वाघजाईची खिंड लागते. त्या सकाळी खिंडीच्या चढाला गाडी बंद पडली. तो उतरला, बॉनेट उघडून आत वाकला. वळणावरनं आलेल्या एका टेंपोनं मागून ठोकलं आणि आमचीच गाडी आमच्याच माणसावरनं गेली. टेंपोवाला थांबला नाही. सापडलाही नाही. जो सापडत नाही त्याच्यावर राग काढता येत नाही. मग राग जवळच्या माणसाकडं वळतो.

जवळचं म्हणजे मी होते. "पांढऱ्या पायाची," असं सासू म्हणून मोकळी झाली होती. पण पांढऱ्या पायांवर पोलिसात तक्रार होत नाही. मग कुणालातरी आठवलं, गाडीचं काम मच्छिंद्र करतो. मागं ती मिसिंग मारत होती, चालता चालता अडखळत होती, तेव्हा डिझेल फिल्टर त्यानंच बदलला होता. झालं. मेव्हण्यानं हलका माल घातला, गाडी नासवली, म्हणून ती बंद पडली, म्हणून जालिंदर गेला. सर्जेरावानं ठाण्यात तक्रार सांगितली आणि सासूनं खाली अंगठा दिला. हवालदार म्हणाला, "तेरावं होऊन जाऊ द्या. मग उचलतो त्याला."

म्हणजे मच्छिंद्रच्या हातात तो एकच दिवस होता. माहेरचा माणूस म्हणून दुखवट्याचं लुगडं घेऊन तो आला, ते लुगडं कुणी हातात घेतलं नाही, त्यानं ते ओसरीच्या कडेला ठेवलं आणि म्हणाला, "चूक माझी असंल तर माझ्या तोंडावर सांगा. पर आधी गाडी उघडा."

तर गाडी अंगणात उभी होती. पंचनामा करून ठाण्यानं ती परत दिली होती. मागचा फाळका चेपला होता, हौद्यात मोडके पिंजरे होते, त्यांच्या जाळीत पांढरी पिसं अडकली होती. पुढचा बंपर कुणीतरी नीट धुतला होता. कोपऱ्यात साबणाचा फेस वाळला होता. सर्जेरावानंच ती चालवत घरी आणली होती, आणि येताना खिंडीजवळ ती त्यालाही बंद पडली होती. त्यानं घाबरून तिथंच नारळ फोडला होता.

"सेल्फ मार," मच्छिंद्र म्हणाला.

मी मारला. गाडी लगेच सुरू झाली. गाडी चालवायला मला जालिंदरनंच माळावर शिकवलं होतं, लपूनछपून.

"बगा! सुरू झाली की!" सर्जेराव म्हणाला. "काय दोष हाय तिला?"

"भावजी, हुबी असताना ती मरत न्हाई. चालताना मरती," मी म्हणाले.

"तुला लय कळतं."

"शेजारी बसून मीच जात होते. तुमी न्हवता."

मच्छिंद्रनं मान हलवली. "अक्का, चौदाचा पाना घे. इंजनावर त्या चार लोखंडी नळ्या दिसत्यात? नोझलच्या. एकीचा नट जरा ढिला कर. डिझेल उडंल, तोंड लांब ठेव."

मी नट ढिला केला. डिझेलची चिळकांडी उडाली आणि इंजनाचा आवाज लंगडा झाला.

"आवळ. आता दुसरी."

पुन्हा लंगडा. तिसरी, चौथी, तसंच.

"चारीबी सिलिंडर काम करत्यात," तो म्हणाला. "एखादं मेलं असतं तर त्याची नळी ढिली करून आवाज बदलला नसता. नोझल बरोबर हायत. आता फिल्टरच्या खालचा स्क्रू सोड. पेल्यात धर."

मी स्टीलचा पेला धरला. डिझेल स्वच्छ आलं. पाणी नाही, गाळ नाही. मच्छिंद्र पेल्याकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. उलट तो जास्तच अडकल्यासारखा दिसला. फिल्टर खराब निघाला असता तर निदान कारण तरी मिळालं असतं. दोष नाही असं दाखवून सुटका होत नाही, दोष कुठंय ते दाखवावं लागतं.

"अक्का, नीट आटवून सांग. बंद पडायची तवा कशी पडायची? गपकन, का झटकं देऊन?"

"झटकं देऊन. आधी वढ कमी व्हायची. मग मिसिंग मारायची. मग बंद."

"परत कवा सुरू व्हायची?"

"तंबाखू मळून, खाऊन, थुकून झाली की. ह्ये उतरून बॉनेट उघडायचे, हिकडं तिकडं हात लावायचे. तवर तिची तिच सुरू. ह्यास्नी वाटायचं, ह्येंच्या हातानं झाली."

"आन् कायम खिंडीतच?"

"जाताना खिंडीत. येताना पंपावर डिझेल भरलं की लय लांबपत्तूर बिनघोर यायची."

मच्छिंद्र हळू म्हणाला, "चालवून बगावी लागंल. माझ्या डोळ्यादेखत मेली पायजे."

"तू गाडीत बसायचं न्हाई," सर्जेराव ओरडला. "खिंडीत नेऊन कायतरी कळ फिरवायचास."

"मी बसते."

आवाज माझ्या सासूचा होता. आम्ही तिला आत्ती म्हणायचो. बारा दिवस ती भिंतीला पाठ लावून बसली होती आणि शिव्या सोडल्या तर काही बोलली नव्हती. ती उठली, गुडघ्यावर हात टेकत आली आणि केबिनचं दार उघडून माझ्या शेजारी बसली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बगू तुज्या भावाचं शानपन."

मच्छिंद्रनं आपली फटफटी काढली. त्याच्यावर नजर ठेवायला म्हणून सर्जेराव त्याच्याच मागं बसला. फिर्यादी आणि आरोपी एकाच फटफटीवर, आणि खड्डा आला की फिर्यादी आरोपीची कंबर धरणार. गावातली माणसं बघत होती. दुसरा एखादा दिवस असता तर मी हसले असते.

जालिंदरनं समोरच्या काचेवर चिकटवलेला वाघजाईचा फोटो होता, आत्ती वाटभर त्याच्याकडं बघत होती. तीच देवी खिंडीत बसलेली. तिथनं जाणारा प्रत्येक गाडीवाला चिल्लर टाकतो, नारळ फोडतो. न फोडणाऱ्याची गाडी बंद पडते, असं म्हणतात. आमची तर फोडूनही पडायची.

चढ सुरू झाला. तिसऱ्या गिअरला गाडीनं मान टाकली. मी पाय दाबला, वेग वाढला नाही. मग झटके सुरू झाले. इंजन ठसका लागल्यासारखं अडखळायला लागलं.

"आली," आत्ती म्हणाली. गाडी बंद पडली यापेक्षा देवी आली, अशा अर्थानं.

मी गाडी कडेला घेईपर्यंत इंजन बंद झालं. जालिंदर जिथं गेला त्या जागेच्या जरा अलीकडंच. रस्त्यावर तेलाचा डाग होता. तेलाचाच असावा.

मच्छिंद्र धावत आला आणि हाताच्या अंतरावर थांबला. "सेल्फ मार."

मारला. इंजन नुसतं फिरलं, पेटलं नाही.

"आता अक्का, खाली उतर. बॉनेट उघडू नको. टाकीचं झाकन उघड. डिझेल भरतो त्ये."

मी उतरले. टाकी गाडीच्या कुशीत होती. मी झाकण पिरगाळलं. ते निघेना. कुणीतरी आतून धरल्यासारखं. मी दोन्ही हातांनी जोर लावला आणि झाकण सुटलं तसा टाकीनं वारा आत ओढला. सूंऽऽ करत, लांब, बुडत्या माणसानं वर येऊन श्वास घ्यावा तसा.

"मार आता सेल्फ."

गाडी सुरू झाली.

सर्जेराव म्हणाला, "तंबाखू खाऊस्तवर कवाबी सुरू हुती. त्यात काय?"

"तंबाखू कुनी खाल्ली आत्ता?" मच्छिंद्र म्हणाला. "भावजी, बाटली तोंडाला गच्च लावून पानी वढून बगा. जरा वेळानं बाटलीच चेपती, पानी येत न्हाई. डिझेल जाईल तसं टाकीत वारं जायाला पायजे. त्याला झाकनाला एक भोक असतंय, सुईएवढं. त्ये बुजलं की टाकी डिझेल सोडत न्हाई. हुबी ऱ्हायली की हळूहळू कुठनंतरी वारं शिरतं आन् सुरू हुती. झाकन उघडून डिझेल भरलं की लांबवर जाती. बगू अक्का, दाव झाकन. भोक कुठंय?"

मी झाकण उलटं केलं. मग सुलटं.

भोक नव्हतं. झाकणावर शेंदूर होता.

नुसता टिळा नव्हे. थरावर थर. तेलात कालवलेला, वाळून दगड झालेला, वर धूळ बसून काळा पडलेला. मी पदराची सेफ्टी पिन काढली आणि मधोमध टोकरायला लागले. काळा पापुद्रा निघाला, खाली तांबडा. तांबडा निघाला, खाली परत काळा. प्रत्येक तांबडा थर म्हणजे एक अमावस्या होती, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मागं पहिल्यांदा गाडी मिसिंग मारत होती, तेव्हा खरंच डिझेलमध्ये पाणी होतं. मच्छिंद्रनं फिल्टर बदलला आणि ती बरी झाली. पण त्याच अमावस्येला आत्तीनं देवीचा शेंदूर आणून गाडीला लावला होता. गाडी बरी झाली ती कशानं, यावर घरात वाद नव्हता. मिस्त्रीला चहा मिळाला, देवीला साडी. आणि शेंदूर बॉनेटला लावला तर उन्हानं पघळतो म्हणून आत्तीनं जागा शोधली होती. "गाडी खाती कुठनं? तितनं. मग तितं देवी बसली पायजे." दर अमावस्येला ती बोटानं झाकणावर शेंदूर दाबून भरायची. भोक बुजलं, गाडी पुन्हा बंद पडायला लागली. गाडी बंद पडायला लागली म्हणून आत्तीनं शेंदूर वाढवला. शेवटी शेवटी तर पौर्णिमेलाही.

पिन आरपार गेली.

"आगं ए! देवीचा शेंदूर खरवडतीस व्हय!" सर्जेराव अंगावर आला. "आता रांड भोगशील—"

"सर्ज्या, गप."

आत्ती कधी उतरली ते आम्हाला कळलं नव्हतं. ती माझ्या खांद्याशी उभी होती. तिनं झाकण माझ्या हातातनं घेतलं, उन्हात धरलं आणि एक डोळा बारीक करून भोकातनं बघितलं. मग झाकण मला परत दिलं.

"लाव. आन् चालीव."

"कुठं?"

"म्होरं."

"आत्ती, झालं की आता. कळलं नव्हं?" मच्छिंद्रचा आवाज मऊ झाला होता. त्याला आपण सुटलो हे कळलं होतं आणि कशावर सुटलो तेही.

"काय कळलं? एकदा सुरू झाली म्हंजे झालं? अजून पडंल बंद. चालीव गं तू."

फटफटी मागं राहिली. आम्ही दोघीच निघालो. गाडीनं खिंड चढली. ती जागा गेली. आत्तीनं दारावरची मूठ घट्ट धरली होती आणि ती पुढं वाकली होती. गाडीला ढकलायला वाकतात तशी नाही. थांबवायला वाकतात तशी.

खिंड संपली, उतार लागला. इंजन एका सुरात चाललं होतं.

"उतारावर कुनाचीबी चालती," ती म्हणाली. "चढ येऊ दे."

चढ आला. गाडी चढली.

"रिकामी हाय. भरलेली असती तर पडली असती."

मी गिअर बदलला.

"जरा जोरात घे."

जोरात घेतली. पाझर तलाव गेला, वीटभट्ट्या गेल्या, उसाचं गुऱ्हाळ गेलं. प्रत्येक वेळी ती म्हणायची, अजून म्होरं. तिला काय पाहिजे ते मला समजलं होतं. तिला गाडी बंद पडायला हवी होती. एकदाच. एक झटका, एक ठसका. मग दोष फिल्टरचा झाला असता, मच्छिंद्रचा झाला असता, माझ्या पायांचा झाला असता, देवीचाही चालला असता. बारा दिवस जी बाई गाडीला शिव्या घालत होती, ती आता तोंडातल्या तोंडात तिची विनवणी करत होती. "पड की गं. पड माझे बाय."

माझा हात चावीपाशी होता. नुसती चावी मागं फिरवायची होती. गाडी बंद पडली असती, म्हातारी वाचली असती आणि उद्या माझा भाऊ गजाआड गेला असता. मला कुणाची कीव येत नव्हती, तिची नाही आणि माझी नाही. मी हात चावीवरनं उचलला आणि स्टिअरिंगवर ठेवला.

गाडी बंद पडली नाही. तालुका आला.

"ठान्याकडं घे," आत्ती म्हणाली.

ठाण्यात तोच हवालदार होता, जाडजूड, समोर भेळेचा कागद. आत्ती टेबलासमोर उभी राहिली.

"त्या तक्रारीतलं नाव बदलायचं हाय."

"कुठली तक्रार, आजी? हां, खिंडीतली. त्या मिस्त्रीची. बदलायचं म्हंजे? कुनाचं घालू?"

"माझं. गजराबाई तुकाराम घाडगे."

हवालदारानं माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं. नोझल, फिल्टर, झाकण, भोक, शेंदूर. सरळ सांगितलं, एका दमात, रेशन दुकानात नाव सांगतात तसं. तो ऐकताना भेळ खायचा थांबला. मग परत खायला लागला.

"म्हंजे मिस्त्रीचा काय दोष न्हाई म्हना की."

"न्हाई," आत्ती म्हणाली.

"मग तक्रार मागं घ्या. हितं अंगठा द्या. सुटला तुमचा पावना." त्यानं शाईचं पॅड सरकवलं. आत्तीनं अंगठा दिला. निळा अंगठा पदराला न पुसता ती तशीच उभी राहिली.

"आनि माझं?"

"तुमचं काय?"

"माझं नाव लिवा. माझ्या हातानं भोक बुजलं. माझं पोरगं मेलं."

"आजी, शेंदूर लावायचा गुन्हा नसतो. कलमच न्हाई तसलं. देवाला मानतो की आपन सगळी. मीबी लावतो माझ्या गाडीला." तो हसला, वाईट नव्हता तो. "जावा घरी. पोरगं गेलं की असं वाटतंय मानसाला. ए, म्हातारीला च्या सांग रे."

चहा आला. आत्तीनं घेतला नाही. ती भिंतीजवळच्या बाकड्यावर जाऊन बसली, निळा अंगठा वर धरून. हवालदार उठून आतल्या खोलीत गेला. चहावर साय धरली.

"चला आत्ती," मी म्हणाले.

"तू जा. मी बसते हितं."

"कवापत्तूर?"

"कुनीतरी मला इचारंस्तवर."

मी तिच्या शेजारी बाकड्यावर बसले. बराच वेळ बसले. पण मी काही विचारलं नाही.